शिफारस खात्याचा कारभार

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी निवृत्त अव्वल कारकुनाच्या ओट्यावर लोकांनी कोणत्या कामासाठी यावे, याचा एक रूढ शिरस्ता आहे. फेरफाराचा अर्ज लिहून घ्यावा, वारसनोंदीत राहून गेलेल्या आत्याबाईंचे नाव आता घालता येईल का ते विचारावे, बांधाच्या तंट्यातील मोजणीची दरखास्त कोणत्या मेजावर निजली असेल याचा अदमास घ्यावा, चहा प्यावा आणि जावे. परंतु अलीकडे माझ्या ओट्यावर जी मंडळी येतात त्यांच्या हातात ना सातबारा असतो, ना कोर्ट फीचे तिकीट. चेहऱ्यावर मात्र घरातून नुकतेच कोणी तरी गेल्याची कळा असते. "आबा, नारुतो संपलं," असे खालच्या आवाजात सांगून ते ओट्याच्या कडेला टेकतात, मी क्षणभर मौन पाळतो (कारण 720 भागांचा सहवास तुटणे ही सामान्य घटना नव्हे), आणि मग ती ठरलेली विनंती येते : "आता तसंच दुसरं काहीतरी सांगा ना."

हा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या पत्नीच्या मनात तो रोज येतो. वस्तुस्थिती एवढीच की, पुण्यास राहणारा माझा नातू एका उन्हाळ्यात आपला टॅब इथे विसरून गेला, आणि जपानी अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या एका कंपनीची संपूर्ण वर्षाची वर्गणी त्यावर अगोदरच भरलेली होती. ज्याने उभी नोकरी वापरलेला लिफाफा उलटून पुन्हा वापरण्यात घालवली, त्याच्याने भरलेले पैसे बुडताना पाहवेनात. केवळ काटकसरीच्या तत्त्वासाठी मी पहिला भाग लावला, तत्त्वासाठीच दुसरा लावला, आणि मृग निघेपर्यंत माझी तत्त्वनिष्ठा अशा थराला गेली की, घरात तूरडाळ आहे किंवा संपली याची मला वार्ता नसे, परंतु कोणत्या निन्जाच्या पोटात कोणता राक्षस कोंडून ठेवला आहे, हे मी झोपेतही बिनचूक सांगितले असते. जपानविषयी इतकी माहिती आणि हाताशी इतका रिकामा वेळ, या दोन गोष्टी एकाच इसमाच्या ठिकाणी एकवटल्याचे गावातील तरुणांच्या लवकरच ध्यानात आले, आणि शिफारस खाते सुरू झाले.

नोकरी सुटते, खाते सुटत नाही. मी तत्काळ एक लांबडी नोंदवही आणून तिच्यावर रकाने आखले. अर्जदाराचे नाव, संपलेल्या मालिकेचे नाव, नायकाचे वय, नायकाचे आईबाप हयात किंवा मयत, गुरू कितव्या भागात मरतो, हाणामारीपूर्वी भाषण किती वेळ चालते, मालिका संपलेली आहे किंवा काम चालू आहे, आणि शेवटी, ज्यावाचून कोणत्याही सरकारी कागदाला मोक्ष नाही, तो शेरा. दोन मालिकांचे रकाने जुळले की एकीच्या अर्जदाराला दुसरी मंजूर करावयाची, असे हे साधे आणि निर्दोष तंत्र होते. त्याची अंमलबजावणी सुरू होताच पहिली अडचण अशी उपस्थित झाली की, सगळ्यांचेच रकाने जुळू लागले. नारुतोचे आईबाप मयत. 'डीमन स्लेयर'मधील तांजिरो कोळसा विकून घरी परततो तो अवघे कुटुंब मयत, एक बहीण तेवढी वाचली, तीही राक्षसीण झालेली. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधील दोघा भावांची आई मयत, बाप परागंदा. 'अटॅक ऑन टायटन'मधील एरेनच्या आईला तर त्याच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकण्यात येते. जपानी चित्रकथेत मुलगा कर्तबगार निघावयाचा असेल तर आईबापांनी वेळेवर जागा रिकामी करून द्यावी, असा तेथील दंडक दिसतो. ज्याचे आईवडील दोघेही सुखरूप, आणि वडील पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर, असा एक मुलगा मला अखेर सापडला. परंतु तो 'डेथ नोट'मधील लाइट यागामी, आणि त्याने पुढे काय दिवे लावले हे सर्वश्रुत आहे.

आशयावरून वर्गवारी करावी म्हटले तर तेथेही तीच गत. ज्या साप्ताहिकातून या मालिकांच्या मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, मोठ्या संख्येने बाहेर पडल्या, ते 'शोनेन जंप' 1968 साली निघाले, आणि त्याचे घोषवाक्यच मुळी मैत्री, परिश्रम व विजय असे आहे. आता मैत्री, परिश्रम व विजय हा आशय समान आहे म्हणून दोन कथा सारख्या ठरवणे म्हणजे दोन्ही घरांत चूल आहे म्हणून स्वयंपाक सारखा ठरवण्यासारखे आहे. तरी मी चार-सहा तरुणांची या निकषावर बोळवण केली, आणि ते सारेजण परत आले.

पहिला परतला तो तलाठी भरतीची तयारी करणारा एक मुलगा. त्याची 'डेथ नोट' संपली होती. जिच्यात एखाद्याचे नाव लिहिले असता चाळीस सेकंदांत तो हृदयक्रिया बंद पडून मरतो, अशी वही एका हुशार विद्यार्थ्याला सापडते, हे तिचे कथानक. आमच्या अभ्यासिकेतील मुलांत ही मालिका इतकी लोकप्रिय का असावी, याच्या खोलात मी शिरत नाही. गुन्हा, पोलीस, बुद्धीचे डावपेच आणि नीती-अनीतीचा झगडा अशी लक्षणे काटेकोरपणे जुळवून मी त्याला नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर' मंजूर केली. जर्मनीत काम करणारा एक जपानी शल्यविशारद शहराच्या महापौराऐवजी गोळी लागलेल्या एका पोराचा जीव वाचवतो, आणि ते पोर पुढे नरराक्षस निघते, अशी ही 74 भागांची, अत्यंत गंभीर व भारदस्त रचना. चौथ्या भागालाच अर्जदार ओट्यावर हजर.

"आबा, याच्यात थे वही कुठी आहे?"

"वही नाही. याच्यात डॉक्टर आहे."

"मंग डॉक्टर काय लिहिते?"

"डॉक्टर लिहीत नाही रे, डॉक्टर शस्त्रक्रिया करतो."

"अन् ते सफरचंद खाणारं भूत?"

भूत नसल्याचे मी कबूल केले. त्याने माझ्याकडे, दाखल्याची नक्कल मागितल्यावर कोरा कागद हातात ठेवणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले आणि "मंग तसंच नाही ना हे," एवढा निकाल देऊन तो निघून गेला. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'अर्जदारास वही पाहिजे. भुतासह.'

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली की, अमुक मालिका फार आवडली असे सांगणारा मनुष्य तिच्यातले नेमके काय आवडले ते सांगत नाही, कारण ते त्याचे त्यालाच ठाऊक नसते, आणि शिफारस फसल्यावाचून ते उघडकीस येण्याची सोय नसते. एका मुलाला मी आठवडेच्या आठवडे निन्जांची घनघोर युद्धे पुरवीत होतो. शेवटी असे निष्पन्न झाले की, नारुतोमधील युद्धे तो नाइलाजाने सोशीत असे आणि त्याचे सारे चित्त त्या गावातील शेवयांच्या दुकानात गुंतलेले असे. बी.एस्सी.च्या वर्गातील एका मुलीला माकोतो शिंकाई यांचा 2016 सालचा 'युअर नेम' आवडला होता, मी तिच्यासाठी ताटातुटीच्या आणि पुनर्भेटीच्या कथा शोधून थकलो, तेव्हा ती म्हणाली, "तसं नाही आबा, मले त्याच्यातले ढग आवडले." ढगांचा रकाना माझ्या वहीत नव्हता, परंतु त्याच दिग्दर्शकाचा 'वेदरिंग विथ यू' म्हणजे आकाशाचाच चित्रपट, आणि रसिकांनी अर्जावर सह्या गोळा केल्यामुळे 2019 साली तो आपल्या देशातील चित्रपटगृहांत झळकला होता, तेव्हा अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने आलेल्या त्या कलाकृतीविषयी मला स्वाभाविकच ममत्व होते. तो पाहून ती आली. ढग उत्तम असल्याचे तिने मान्य केले. "पण आबा, त्याच्यात पाणी थांबतच नाही. इकडे आमचं सोयाबीन सोंगणीले आलं, अन् तिकडे पडूनच राह्यला, पडूनच राह्यला. पाहवलं नाही मले. बंद केलं."

शेतीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या ओळखीचे एक कृषी केंद्रवाले आहेत. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाआड पंढरीची पायी वारी, आणि दुकानात बसून खतांच्या पोत्यांवर माशा मारण्याच्या हंगामात करमणुकीची निकड. "साहेब, मारामारी नको. आपल्या लायनीतलं काही असलं तर सांगा," म्हणाले. आपल्या लायनीतले म्हणजे शेतीचे. आणि तसे एक आहेही. 'फुलमेटल अल्केमिस्ट' लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा या बाई होक्काइदोच्या एका गोपालक शेतकऱ्याच्या कन्या. त्या स्वतःचे चित्र काढतात तेही गाईच्या रूपात. त्यांनी 2011 ते 2019 या काळात 'सिल्व्हर स्पून' नावाची मांगा लिहिली, तिची अ‍ॅनिमेही झाली. शहरातील अभ्यासाला विटलेला एक मुलगा कृषिविद्यालयात दाखल होतो आणि शेण, दूध, घोडे आणि कर्ज यांच्याशी त्याची ओळख होते, असा विषय. इतकी चपखल शिफारस माझ्या हातून पूर्वी घडली नव्हती. फक्त त्या मुलाने एक डुकराचे पिल्लू लळा लावून वाढवलेले असते, त्याचे नाव मांसभाताच्या एका पदार्थावरून ठेवलेले असते, आणि पुढे त्या नावाचे सार्थक करण्यात येते, हा तपशील माळकरी मनुष्याला शिफारस करताना माझ्या नजरेआड झाला होता असे नव्हे. कथेतील करुणा त्यांच्यापर्यंत पोहोचेल असा माझा कयास होता. कयास बरोबर ठरला. त्यांनी त्या रात्री जेवण घेतले नाही, दुसऱ्या दिवशी दुकान उघडले नाही, आणि तिसऱ्या दिवशी येऊन मला चार खडे शब्द ऐकवले.

मला वाटले, प्रकरण निकालात निघाले. परंतु पुढे महिनाभराने ते पुन्हा आले आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "त्या मालिकेतल्या कोमाबाचं गोठ्याचं कर्ज फिटलं नाही म्हणता शेवटी? पोरानं शाळा सोडली, बेसबॉल सोडला, गाई विकल्या. जपानातही हेच आहे का हो साहेब?" मी मान हलवली. ते बराच वेळ बसले, जाताना माझ्या दारच्या तुरीवरची अळी पाहून एका औषधाचे नाव सांगून गेले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. डुकराविषयी मात्र आजही ते माझ्याशी बोलत नाहीत.

लोकांच्या भावना कोठे दुखावतील याचा नेम नाही. सध्या ज्या प्रकाराची सर्वांत जास्त मागणी आहे त्याला 'इसेकाई' म्हणतात. त्यात कोणी तरी निरुद्योगी तरुण या जगात मरतो आणि दुसऱ्या अद्भुत जगात पराक्रमी होऊन जन्म घेतो. मरण्याची रीत बहुधा ठरलेली, ती म्हणजे ट्रकखाली सापडणे. आमच्या गल्लीत एक ट्रकचालक राहतात. त्यांच्या मुलाला मी अशा मालिका एकापाठोपाठ एक पुरवल्या, आणि एके दिवशी वडील ट्रक उभा करून थेट ओट्यावर आले. "काका, म्या पाह्यलं. एकात पाह्यलं, दोनात पाह्यलं, तिसऱ्यातबी तेच. सगळे ट्रकखालीच काऊन मरतात? दुसरं वाहन नाही का त्याईच्या देशात? पोट्टं आता माह्या गाडीकडं कसं पाहून राह्यलं, विचारा त्याले!" व्यवसायाची ही बेअब्रू मलाही मान्य नव्हती. मी त्यांना शांत करून 'कोनोसुबा' या मालिकेचा पहिला भाग लावून दाखवला, ज्यात नायकाला वाटते आपण ट्रकखाली आलो, आणि तो त्या धसक्यानेच प्राण सोडतो. प्रत्यक्षात ते वाहन असते सावकाश चाललेला ट्रॅक्टर. ट्रकचालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. परंतु न्याय हा एकाला दिला की दुसऱ्यावर अन्याय होतो, हा भाग पाहिल्यापासून ते कोपऱ्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला येताजाता "मारलं ना त्याले!" म्हणून हाका मारतात, आणि तो बिचारा, आपल्यावर कोणता गुन्हा नोंदला गेला आहे हे विचारायला माझ्याकडे येऊन गेला.

अर्जदारांपैकी निम्मे एक अट घालतात : "संपलेलं सांगा." या अटीमुळे 'वन पीस' बाद होते, कारण एइइचिरो ओदा यांनी ती मांगा 1997 साली सुरू केली, तिचे शंभराहून अधिक खंड झाले, अ‍ॅनिमेचे अकराशेच्या वर भाग झाले, आणि ते खजिन्याला निघालेले चाचे अद्याप वाटेतच आहेत. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही प्रतीक्षा असह्य होते म्हणतात. चिखलीच्या माणसाला ती होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीतली. तो मार्ग आमच्या गावावरून जावयाचा. आमच्या आजोबांनी त्याच्या बातम्या वाचल्या, वडिलांनी वाचल्या, आम्ही वाचल्या, आणि गावात रूळ म्हणून अद्याप पडलेला नाही. ज्या मनुष्याच्या तीन पिढ्या अशा तालमीत तयार झाल्या, त्याने ओदांच्या पंचवीस-तीस वर्षांचा बाऊ करावा हे शोभत नाही. हा युक्तिवाद मी एका बँकेत लागलेल्या तरुणापुढे मांडला, तेव्हा तो म्हणाला, "आबा, पण त्याचा शेवट तरी त्या माणसाला माहीत असेल ना?" यावर मला उत्तर सुचले नाही.

'फुलमेटल अल्केमिस्ट'ची शिफारस मी बंद केली आहे, त्याचे कारण कायदा व सुव्यवस्था. ही कथा दोनदा पडद्यावर आली. 2003 साली 51 भागांत, तेव्हा मूळ मांगा अपुरी असल्याने पटकथाकारांनी निराळाच शेवट रचला, आणि 2009 साली 64 भागांत, मूळ मांगेबरहुकूम. आधी कोणती पाहावी यावरून बसस्थानकासमोरच्या एका चहाच्या टपरीवर दोन तट पडले आहेत. जुन्या मतवाद्यांचे म्हणणे, पहिलीत दुःख खरे आहे. नव्या मतवाद्यांचे म्हणणे, दुसरीत हिशेब खरा आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाच पॅनलचा प्रचार करणारे दोन चुलतभाऊ या प्रश्नावर एकमेकांना आलुबोंडा देत नाहीत. मला पंच म्हणून बोलावण्यात आले होते. मी 'दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेतले' असा शेरा मारून पुढील तारीख दिली.

याहून मोठा प्रसंग घरातच ओढवला. माझी थोरली बहीण, जिला सारा मोहल्ला आक्का म्हणतो, ती दूरचित्रवाणीवरच्या सासवासुनांच्या मालिकांना कंटाळून म्हणाली, "तुझ्या त्या जपान्यांकडे जरा डोळ्याला पाणी येईल असं काही आहे का रे?" तेच दिवस शाळांच्या सुट्टीचे, घरात नातवंडे भरलेली, आणि त्यांनी "आम्हाला शिनचान नको" असा धोशा लावलेला, वास्तविक तो खट्याळ पोरगा त्यांच्या आयांना नको होता, ज्यांना 2008 साली त्याचे प्रक्षेपण आपल्याकडे काही काळ बंद पडले होते याची अजून सुखद आठवण आहे. मी विचार केला, एकाच बैठकीत दोन्ही अर्ज निकालात काढावे. जपानात 16 एप्रिल 1988 रोजी घिबली या चित्रसंस्थेने 'माय नेबर तोतोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे दोन चित्रपट एकाच तिकिटात, जोडीने प्रदर्शित केले होते. पहिल्यात दोन बहिणी आणि रानातला एक गुबगुबीत, दयाळू प्राणी, दुसऱ्यात महायुद्धाच्या वणव्यात उपाशी मरणारे भाऊबहीण. ज्या व्यवस्थापकाला ही जोडी सुचली त्याची व माझी प्रशासकीय दृष्टी एकच असावी. आधी पोरांसाठी तोतोरो, मग पोरे निजली की आक्कासाठी दुसरा, असा माझा हुकूम होता. मी पाणी भरायला मागे गेलो तेवढ्यात धाकट्या नातवाने, वर्णक्रमाने जे आधी आले ते, लावून दिले.

परत आलो तेव्हा घरात पिठल्याची कढई चुलीवर करपत होती आणि सहा जण भिंतीला टेकून रडत होते. चित्रपटातील ती चिमुरडी फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा घेऊन फिरते. आमच्या घरातील लिमलेटच्या गोळ्यांचा डबा आक्काने दोन्ही हातांत धरला होता आणि तो कोणाला द्यावा हे तिला कळत नव्हते. "आता तोतोरो लावू का? त्याने बरं वाटेल," असे मी म्हटले, आणि बहात्तर वर्षांच्या आक्काने मला ज्या शब्दांत गप्प केले ते शब्द ती आमच्या वडिलांच्या हयातीत घरात उच्चारू शकली नसती. मात्र दुसऱ्या दिवशी शेजारणींना तिने सांगितले, "पाहाच तुम्ही. असं रडू उभ्या जन्मात आलं नव्हतं." तेव्हापासून तिची मागणी चालूच आहे, फक्त पोरांना आधी जेवायला घालावे अशी उपसूचना तिने जोडली आहे.

माझ्या समवयस्कांची गोष्ट निराळी. सायंकाळी देवळाच्या पारावर बसणाऱ्या निवृत्तांच्या मंडळीत माझ्या या नादाची यथेच्छ टवाळी होते. "आम्ही असली जपानी चित्रं कधी पाहिली नाहीत, पाहणारही नाही," असे एकदा एकाने जाहीर केले. मी विचारले, दूरदर्शनवर रविवारी मोगली लागत असे, तो तुम्ही मुलांना मांडीवर घेऊन पाहत होता किंवा नाही? पाहत होते. तो निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 साली काढलेला. गुलजारांचे गीत आणि हिंदी आवाज तेवढे आपले. मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. मग त्यांतले एक सेवानिवृत्त नाझर उसळून म्हणाले, "शेरखानाला आवाज कोणाचा होता?" नाना पाटेकरांचा. "मग झालं तर! आवाज नानाचा असताना वाघ जपानी कसा?" ठराव एकमताने संमत झाला. पुढे मी युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेल्या, 2025 च्या जानेवारीत आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा लागलेल्या रामायणाची शिफारस केली, तेव्हा "त्यात काय पाहायचं, शेवट ठाऊक आहे," असे उत्तर मिळाले. हेच गृहस्थ दर वर्षी रामायणाच्या सप्ताहाला पुढची जागा धरण्यासाठी पंचा टाकून येतात.

आता मी स्वदेशी मालाकडेही वळलो आहे. परवा एका हजरजबाबी तरुणाने येऊन 'गिंतामा' संपल्याचे सांगितले. तीन रिकामटेकडी पात्रे, हाती काम नाही, खिशात दाम नाही, आणि समाजातील यच्चयावत ढोंगाची यथासांग विटंबना, असे तिचे स्वरूप. 'तसेच दुसरे' म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या उभे राहिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आमच्याच जिल्ह्यात, खामगावास आणि जळगाव जामोदास वकिली करता करता मराठी विनोदाचा पाया घातला. म्हणजे शिफारस चपखल, माल घरचा, आणि वर्गणीचा प्रश्नच नाही. मी कपाटातून 'सुदाम्याचे पोहे' काढून, धूळ झटकून, जवळजवळ सद्गदित होऊन त्याच्या हातात ठेवले. दोन दिवसांनी तो पुस्तक परत घेऊन आला. चेहऱ्यावर आदर होता, घामही होता.

"कसं वाटलं?"

"भारी असेल आबा. वाक्य सुरू होते तवा मी समजतो, संपते तवा सुरुवात विसरतो." मग जरा घुटमळून त्याने विचारले, "याचा मराठी डब आहे का?"

सर्वांत अलीकडचा अर्ज आमच्या निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींचा. गुरुजी म्हणजे गावात दबदबा. त्यांच्यापुढे अजूनही मी पाय दुमडून बसतो. "बाष्कळ नको. मानसशास्त्रीय, गंभीर, दुष्टाव्याच्या मुळाशी जाणारं काही असेल तर सांगा," असे त्यांनी बजावले, आणि वहीच्या शोधात असलेल्या त्या मुलाने परत केलेली 'मॉन्स्टर' माझ्याकडे पडूनच होती. मी कथासूत्र सांगितले, वैद्याचे नाव तेन्मा असल्याचे सांगितले, संयमाने पाहावे लागेल असेही सांगितले. गुरुजींनी घरी जाऊन दूरचित्रवाणीला तोंडी आज्ञा दिली. त्या यंत्राने 'मॉन्स्टर' एवढाच शब्द धरून आपल्या मगदुरानुसार जे शोधून दिले, ते 'पॉकेट मॉन्स्टर', म्हणजे पोरांचे पोकेमॉन.

मला हे कळले तेव्हा गुरुजी पुष्कळ पुढे गेले होते. चिलटे, चिमण्या आणि त्या पिवळ्या विजेच्या उंदराविषयी त्यांची काहीच तक्रार नव्हती. "प्रतीकं आहेत ती," म्हणाले. त्यांनी टिपणेही काढली होती. मी सत्य सांगण्यासाठी घसा खाकरला, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"वैद्य अजून आला नाही. पण येणार. परिचारिका आली आहे, गुलाबी केसांची. आणि तुमच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही," गुरुजींनी आवाज उतरवला आणि दार लोटून घेतले, "नायक ज्या ज्या गावी जातो, त्या त्या गावच्या दवाखान्यात तीच बाई आहे. तोच चेहरा, तेच केस. म्हणते, मी तिची बहीण. पोलीस चौकीतली बाईसुद्धा प्रत्येक गावात एकच. अहो, आरोग्य आणि पोलीस, दोन्ही खाती सामील आहेत यात!"